शनिवारचा कार्यकर्ता

पुण्यात दोन माणसांना एकाच विषयात रस आहे असं कळलं, की तिसरा माणूस हॉल बघायला निघतो. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू करून दिली, तेव्हापासून ही खोड गावाच्या अंगात मुरली आहे. त्यामुळे ॲमेझॉनने २००६ च्या मार्चमध्ये एस-थ्री नावाची साठवणुकीची सेवा काढली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ईसी-टू नावाने तासाच्या भाड्याने कॉम्प्युटर द्यायला सुरुवात केली, तेव्हाच पुढचं सगळं ठरून गेलं होतं. बाकीची शहरं क्लाउड वापरतील. पुणं वापरेलच, पण शिवाय शनिवारी सकाळी साडेनऊला त्यावर कार्यक्रमही ठेवील.

आणि कार्यक्रम आला की कार्यकर्ता आला.

बाणेर, खराडी, मगरपट्टा, हिंजवडी, कुठल्याही चकचकीत इमारतीच्या तळमजल्यावर शनिवारी पावणेआठला जा. सिक्युरिटीच्या टेबलाशी पस्तिशी ओलांडलेला एक गृहस्थ जाडजूड रजिस्टरात स्वतःच्या लॅपटॉपचा सीरियल नंबर उतरवताना दिसेल. अंगात तीन वर्षांपूर्वीच्या कुठल्याशा कॉन्फरन्सचा टीशर्ट, पाठीला फुगलेली सॅक, काखेत गुंडाळलेला स्टँडी, खांदा आणि कान यांच्यामध्ये फोन, आणि फोनवर समोसेवाला. विद्यार्थी त्याला दादा म्हणतात, स्पॉन्सर सर म्हणतात आणि सिक्युरिटीवाला ‘ते मीटिंगवाले’ म्हणतो. आपण दादाच म्हणू.

दादाचं बालपण पेठेत आणि तारुण्य मंडळात गेलं. मांडवाची परवानगी कधी काढायची, देखाव्याची मोटर बंद पडली तर लोकांना आरतीवर किती वेळ धरून ठेवता येतं, माईकवाल्याला जेवायला आधी का बसवायचं, हे सगळं शिक्षण त्याने तिथे घेतलं. पुढे तो इंजिनिअर झाला, कोथरूडला फ्लॅट घेतला, मंडळ सुटलं. हात मात्र शिवशिवत राहिले. अशात एका मित्राने त्याला क्लाउडच्या मीटअपला नेलं. व्याख्यान कशावर होतं ते त्याला आठवत नाही. खुर्च्या चुकीच्या मांडल्या होत्या, हे आठवतं. मधे वाटच ठेवली नव्हती. पुढच्या महिन्यात खुर्च्या मांडायला दादा हजर होता. त्याच्या पुढच्या महिन्यात दादा ग्रुपचा ॲडमिन होता आणि आधीचा ॲडमिन जर्मनीला गेला होता. आधीचा ॲडमिन नेहमी जर्मनीला नाहीतर कॅनडाला जातो. या क्षेत्रात सत्तांतर असंच होतं, निवडणूक वगैरे कोणी घेत नाही.

वर्गणीचं पावतीपुस्तक जाऊन आता पीडीएफ आली आहे. तिच्यात प्लॅटिनम, गोल्ड, सिल्व्हर असे तीन रकाने असतात. तंत्र मात्र जुनंच. शेजारच्याने किती दिले ते आधी सहज सांगायचं, आणि मग गप्प बसून चहा प्यायचा. समोरचा मार्केटिंग मॅनेजर बंगळुरूला शिकलेला असला तरी त्या शांततेपुढे टिकत नाही. बदल्यात स्पॉन्सरला स्टँडीवर लोगो हवा असतो, आलेल्यांचे ईमेल हवे असतात (दादा देत नाही, ‘बघतो’ म्हणतो) आणि स्टेजवर दहा मिनिटं हवी असतात. ज्या कंपनीने हॉल दिलाय तिच्या एचआरच्या बाईंनाही दहा मिनिटं हवी असतात. त्या पंचवीस घेतात. त्यातली पंधरा त्यांच्या कॅफेटेरियात फूसबॉलची किती टेबलं आहेत ते सांगण्यात जातात.

दादा स्वतः नोकरीत काय करतो, हे त्याला चारचौघांत विचारू नये. तो एका परदेशी विमा कंपनीची मेनफ्रेमवरची रात्रीची कामं सांभाळतो. भाषा कोबोल, जन्म १९५९. दादाच्या वडिलांच्या वयाची. त्याच्या ऑफिसात क्लाउडवर एक फाइल न्यायची तर सहा सह्या लागतात आणि सहावी सही करणारा अधिकारी निवृत्त झाला आहे. म्हणजे शहरात क्लाउडचा सगळ्यात मोठा मेळा भरवणाऱ्या माणसाला सोमवार ते शुक्रवार क्लाउडचं दर्शनही घडत नाही. यात मला तरी विनोदापेक्षा सोय जास्त दिसते. ॲमेझॉनवाले, मायक्रोसॉफ्टवाले आणि गुगलवाले एकमेकांच्या कार्यक्रमाला पाय ठेवत नाहीत, पण दादाच्या कार्यक्रमाला तिघंही येतात. तो कुणाचंच काही वापरत नसल्यामुळे कुणाचा शत्रू होऊ शकलेला नाही.

आता हॉलकडे वळू. कंपनीने हॉल फुकट दिलेला असतो, आणि फुकट हॉलला एसी नसतो. असतो, पण शनिवारी तो मध्यवर्ती बंद असतो. त्यासाठी फॅसिलिटीला तीन दिवस आधी मेल करावा लागतो. दादा पाच दिवस आधी करतो. उत्तर येतं, ‘नोटेड.’ शनिवारी दहा वाजता हॉलमध्ये लोक हँडबिलाने वारा घेत असतात, दादा चौथ्या मजल्यावर इमारतीची यंत्रणा सांभाळणाऱ्या बीएमएसवाल्या पोराला शोधत असतो. साडेअकराला एसी लागतो तो असा लागतो, की दुपारपर्यंत पहिल्या दोन रांगा कानाला रुमाल बांधून बसलेल्या असतात. मधली अवस्था त्या यंत्रणेला ठाऊक नाही.

येणार किती, हा दादाचा खास प्रांत. कार्यक्रम फुकट असला की ‘येतो’ असं बटण दाबायला कुणाचं काही जात नाही. दोनशेवीस जणांनी दाबलेलं असतं. नवखा संयोजक दोनशेवीस समोसे सांगतो आणि पुढचा आठवडाभर समोसे खातो. दादा आधी सरळ निम्मे करतो. मग कॅलेंडर काढतो. लग्नाची तिथी आहे, पंधरा वजा. भारताची मॅच आहे, वीस वजा. पाऊस असेल तर सिंहगडावर जाणारे दहा वजा. टीशर्ट देणार असं जाहीर केलंय, पंचवीस अधिक. कॉलेजच्या एखाद्या प्राध्यापकाने हजेरी लावणार म्हणून सांगितलंय, एक बस अधिक. शेवटी आलेल्या आकड्याला तो डोळे बारीक करून क्षणभर बघतो आणि समोसेवाल्याला म्हणतो, “नव्वद पाठव.” अठ्ठ्याऐंशी माणसं येतात. उरलेले दोन समोसे सिक्युरिटीला जातात, कारण दुपारी बाहेर पडताना पुन्हा त्याच रजिस्टरात सही करायची असते. क्लाउडवाले ज्याला गरजेनुसार आपोआप कमी-जास्त होणं म्हणतात, त्यावर तिथे दीड तासाचं सत्र असतं. दादाचं समोशांचं गणित त्या सत्रात ठेवावं, असं मी सुचवून पाहिलं आहे.

त्याची सॅक एकदा उघडून बघण्यासारखी आहे. सगळ्यात खाली पाच मीटर वायरचा एक्स्टेंशन बोर्ड, वायर आठच्या आकड्यात गुंडाळलेली, मंडळात शिकल्याप्रमाणे. त्यावर एका चेनच्या पाकिटात जोडण्या: टाइप-सी ते एचडीएमआय, एचडीएमआय ते व्हीजीए, आणि एक अशी पिन, जी लागणारा लॅपटॉप आता कुणाकडेच उरलेला नाही, तरी ती बाहेर काढली तर त्याच शनिवारी तो येईल अशी दादाची श्रद्धा आहे. सोळा अँपिअरच्या जाड पिनेचा ॲडॉप्टर. क्लिकर आणि त्याचे जादा सेल. सेलोटेप, कात्री, मार्कर, सेफ्टी पिना, क्रोसिन, आणि सुतळीचा गुंडा. सुतळी कशाला, असं मी एकदा विचारलं. त्याच दुपारी गच्चीवरच्या चहाच्या वेळी वाऱ्याने प्लॅटिनम स्पॉन्सरचा स्टँडी आडवा व्हायला लागला. दादाने तो कठड्याला बांधला, गाठ मारली, उरलेली सुतळी दाताने तोडली आणि माझ्याकडे बघितलंही नाही.

परवाच्या खेपेला वक्ता कोरा करकरीत लॅपटॉप घेऊन आला होता. त्याला दोन टाइप-सी भोकं, बाकी काही नाही. भिंतीतून आलेली प्रोजेक्टरची वायर मात्र व्हीजीएची, निळ्या टोकाची, दोन्ही स्क्रू गंजलेले. दादाने एकाला एक असे तुकडे जोडत टेबलावर चांगली वीतभर लांब आगगाडी उभी केली. चित्र आलं, पण गुलाबी. त्याने मधला डबा जरा डावीकडे वाकवला. हिरवट झालं. अंगठ्याने किंचित वर उचलला, तेव्हा खरे रंग आले. मग त्याने वाकडा कोन तसाच राहावा म्हणून खाली दोन व्हिजिटिंग कार्डं घडी घालून सारली, वरून सेलोटेप लावली, बाजूला एक खुर्ची ठेवली आणि तिच्यावर सेकंड इयरच्या एका पोराला बसवलं. पोराचं काम एकच. या टेबलाजवळून कोणी जायचं नाही. ती खुर्ची सोडायला लागू नये म्हणून त्याला समोसा जागेवर पोचवण्यात आला.

आणि वर स्टेजवर वक्ता सांगत होता, की ॲमेझॉनने २०१४ साली लॅम्डा आणलं तेव्हापासून सर्व्हरचा विचारच करायची गरज राहिलेली नाही. तुम्ही फक्त कोड लिहा, खालचं सगळं दुसरं कुणीतरी बघतं. तेव्हा दादा टेबलाखाली पालथा पडून बोर्डातली सैल पिन कागदाची घडी खोचून घट्ट करत होता.

दादाने आजवर हॉलमध्ये एकही व्याख्यान पुरतं ऐकलेलं नाही. स्वागताला तो असतो, वक्त्याची ओळख करून देतो, ‘आज आपण तीन गोष्टी बघणार आहोत’ इथपर्यंत दाराशी उभा असतो. मग फोन थरथरतो. समोसेवाला चांदणी चौकात चुकीच्या पुलावर चढलेला असतो. दादा परत येतो तोवर पडद्यावर ‘थँक यू’ असतं. त्या तीन गोष्टी कोणत्या, हे त्याला कधीच कळलेलं नाही. एकच गोष्ट मात्र त्याला अथपासून इतिपर्यंत ठाऊक आहे, कारण ती प्रत्येक दुसरा वक्ता सांगतो आणि दादाने तुकड्या-तुकड्याने का होईना ती पूर्ण जमवली आहे. २८ फेब्रुवारी २०१७. ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रात एस-थ्रीच्या बिलाच्या कामात काही बिघाड होता. तो शोधताना एका कर्मचाऱ्याने थोडे सर्व्हर बाजूला काढण्याची आज्ञा टाइप केली. त्यातला एक तपशील चुकला आणि थोडेच्या जागी बरेच सर्व्हर निघाले. जवळपास चार तास निम्मं इंटरनेट लंगडत होतं. आणि गंमत म्हणजे सेवा चालू आहेत की बंद हे दाखवणारा ॲमेझॉनचा स्वतःचा फलकही एस-थ्रीवरच अवलंबून होता, त्यामुळे तो बदलता येईना आणि सगळं हिरवंगार दाखवत बसला. कंपनीने पुढे हे सगळं जसंच्या तसं लिहून जाहीर केलं. दादाला ते फार आवडलं. तेव्हापासून तोही कार्यक्रमानंतर असंच टिपण लिहितो. ‘घटना: समोसे पन्नास मिनिटं उशिरा. मूळ कारण: चांदणी चौक. पुन्हा होऊ नये म्हणून उपाय: नाही.’

पहिल्या रांगेत उजवीकडून दुसऱ्या खुर्चीवर एक काका असतात. सरकारी बँकेतून निवृत्त, हातात वही, वहीला रबर. प्रत्येक सत्रानंतर पहिला हात त्यांचा. वक्ते त्यांना घाबरतात, कारण बाकीच्यांचे प्रश्न हे प्रश्न नसतातच. ‘मला प्रश्न नाही, फक्त एक निरीक्षण मांडायचंय’ म्हणत एखादा आपल्या कंपनीतलं दीड वर्षाचं काम सांगून खाली बसतो आणि वक्त्याला नुसती मान हलवावी लागते. काकांचे प्रश्न खरे असतात.

“तुम्ही तासभर क्लाउड क्लाउड म्हणताय. माझ्या नातवाचे फोटो आत्ता नेमके कुठल्या गावात आहेत?”

वक्ता रीजन, झोन, प्रतिकृती असं काहीबाही सांगू लागला.

“गाव सांगा,” काका म्हणाले.

वक्त्याने मग गावं सांगितली. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतात तीन ठिकाणी केंद्रं उघडली, पुणे, मुंबई आणि चेन्नई. ॲमेझॉन २०१६ च्या जूनमध्ये मुंबईत आलं, गुगल २०१७ मध्ये, तेही मुंबईतच. फोटो यांपैकी कुठेही असू शकतील किंवा परदेशातही असतील, ते सेवा कुठली आणि ती कशी ठरवून घेतलीय त्यावर आहे. काका लिहून घेत होते. ओघात वक्ता म्हणाला, की मायक्रोसॉफ्टच्या यादीत मुंबईचं नाव ‘पश्चिम भारत’ आहे, चेन्नईचं ‘दक्षिण भारत’ आणि पुण्याचं ‘मध्य भारत’. हॉलमध्ये जरा खसखस पिकली. काकांनी मात्र मान डोलावून तेही लिहून घेतलं. पुणं देशाच्या मध्यभागी आहे, हे त्यांना कुणी नव्याने सांगायला नको होतं. एका अमेरिकन कंपनीला ते समजलं याचंच त्यांना समाधान वाटलेलं दिसलं.

पावणेबाराला दादा व्याख्यान मधेच थांबवून फोटो काढतो. नवखे संयोजक फोटो शेवटी ठेवतात, आणि त्यांच्या फोटोत सात माणसं आणि तीन स्टँडी असतात. जेवणानंतर हॉल ओसरतो हा निसर्गनियम आहे. दादाला त्यालाही एक परदेशी आधार सापडला. २००९ मध्ये बेल्जियममधल्या गेंट शहरात डेव्हऑप्सडेज नावाच्या मेळाव्यांची सुरुवात झाली. त्यांच्यात दुपारी ठरलेली भाषणं नसतात. लोकांनीच विषय कागदावर लिहून भिंतीला लावायचे आणि घोळक्याने बसून बोलायचं. ही पद्धत हॅरिसन ओवेन या अमेरिकन गृहस्थाची, आणि तिच्यात दोन पायांचा एक नियम आहे: जिथे तुम्हाला काही मिळत नाही आणि तुम्ही काही देत नाही, तिथून आपल्या दोन पायांनी उठून दुसरीकडे जा. दादाने हे एका खेपेला करून पाहिलं. भिंतीवर तीन कागद लागले. ‘कुबरनेटीस कधी वापरू नये’, ‘नोटीस पिरियड कमी कसा करून घ्यावा’ आणि ‘पगार’. पहिल्या कागदाखाली वक्ता एकटा उभा होता. तिसऱ्याखाली स्पॉन्सरच्या स्टॉलवरचे दोघेही येऊन बसले होते. दोन पायांचा नियम मात्र लोकांनी मनापासून पाळला. बरेच जण त्याच पायांनी थेट पार्किंगमध्ये गेले.

दुपारचं सत्र हाताने करून बघायचं असतं. पन्नास पोरं एकाच वायफायवर बसून एकाच वेळी आपापलं खातं उघडतात आणि वायफाय त्याला योग्य तो प्रतिसाद देऊन आडवं होतं. मग सगळे फोनवरून इंटरनेट घेतात. इथे दादा माईक हातात घेतो, आणि त्याचं बोलणं मला दिवसभरातलं सगळ्यात उपयोगी वाटतं. “घरी जाताना दिवे, पंखे आणि इन्स्टन्स बंद करा.” पोरं हसतात. दादा हसत नाही. इन्स्टन्स म्हणजे तासावर भाड्याने घेतलेला कॉम्प्युटर. नॅट गेटवे म्हणून एक वस्तू असते, ती नुसती उभी करून विसरून गेलं तरी तासाचं भाडं लावते, हे त्याने पोरांच्या तोंडून महिनाअखेरीला ऐकलेलं आहे. ॲमेझॉन तर १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही-फोर पत्त्याचेही तासाला अर्धा सेंट घेतं, वापरा नाहीतर पडू द्या. “वडिलांचं कार्ड कुणी टाकलंय, हात वर करा,” दादा म्हणतो. बारा हात वर होतात. त्या बारा जणांजवळ तो जातीने जाऊन उभा राहतो आणि त्यांनी सगळं पुसलेलं पडद्यावर बघितल्याशिवाय पुढे सरकत नाही. कोबोलवाल्या माणसाला बिलाचं पान बरोबर वाचता येतं.

२०२० साली हे सगळं ऑनलाइन गेलं आणि दादा खंगला. आकडे चढे होते, इंदूर आणि नाशिकपासून लोक यायचे. पण मांडायला खुर्ची नाही, शोधायला एसीवाला नाही, वाटेत अडकलेला समोसा नाही. पहिल्यांदाच त्याच्यावर व्याख्यान ऐकायची वेळ आली. दुसऱ्या सत्राला त्याला झोप लागली, आणि त्याचा कॅमेरा चालू होता.

घरात वहिनींची तक्रार कार्यक्रमाबद्दल नसते, टीशर्टांबद्दल असते. उरतात ते सगळे एस नाहीतर थ्री एक्सएल. कापड जाड, पाणी छान शोषतं. माझ्या माहितीतल्या निम्म्या पुण्यातल्या फरश्या आज कुठल्या ना कुठल्या क्लाउड कंपनीच्या लोगोने पुसल्या जातात. दादाकडे तर स्वयंपाकघराचं पोतेरं एका कंपनीचं आणि बाल्कनीचं दुसरीचं, अशी शिस्तच लागलेली आहे. “आपल्याकडे दोन्ही आहेत, कुणाचा राग नको,” असं वहिनी म्हणतात. दादाला हे बोलणं स्पॉन्सरच्या कानावर जाईल अशी भीती वाटते.

हल्ली त्याला नवीन काळजी लागली आहे. स्पॉन्सर विचारतात, ‘यात एआय कुठे आहे?’ दादाने वाद घातला नाही. मागच्या वर्षीची ‘क्लाउडवरचा खर्च कसा आवरावा’, ‘क्लाउडवरची सुरक्षितता’ ही सत्रं यंदा ‘एआयच्या युगात’ हे शब्द पुढे लावून आली. वक्ते तेच, स्लाइडी त्याच, समोसेवाला तोच. प्लॅटिनमचा रकाना दोन दिवसांत भरला. मला विचाराल तर उद्या मधमाशीपालनाचा जमाना आला तरी दादाचं काही अडायचं नाही. फक्त बॅगेत एक जाळीचा मुखवटा वाढेल.

कार्यक्रमानंतर अभिप्रायाचा फॉर्म जातो. तो भरल्याशिवाय सर्टिफिकेट मिळत नाही, म्हणून सगळे भरतात. विषय: छान. वक्ते: छान. चहा: पाणचट. पार्किंग: लांब. काका फॉर्म भरत नाहीत. ते रात्री सव्वानऊला व्हॉट्सॲपवर पत्र पाठवतात, मायन्यासह. ‘आपला कार्यक्रम जाहीर वेळेपेक्षा सतरा मिनिटे उशिरा सुरू झाला. त्यातली अकरा मिनिटे नावनोंदणीच्या टेबलावरील गोंधळात गेली. बॅज आडनावाप्रमाणे न लावता पहिल्या नावाप्रमाणे लावले होते. बाकी उत्तम.’ दुसरा कुणी चिडला असता. दादाने मंडळात एक गोष्ट शिकून ठेवली होती: जो उशीर मोजतो, त्याच्याच हातात घड्याळ द्यायचं. त्याने लगेच फोन लावला. “काका, पुढच्या वेळी ते टेबल तुम्हीच सांभाळता का?”

काका साडेसातला आले, दादाच्याही आधी. बॅज आडनावाने लावले, ‘क’ आणि ‘ज’ यांच्या रांगा वेगळ्या केल्या आणि कोऱ्या वहीत रकाने आखले: नाव, कंपनी, आल्याची वेळ, उशिराचं कारण. नऊ पन्नासला प्लॅटिनम स्पॉन्सरचे व्हाइस प्रेसिडेंट फोनवर बोलत बोलत आत शिरले. काकांनी हात आडवा केला. दादा जिन्यावरून धावत खाली येईपर्यंत साहेब पेन हातात घेऊन चौथा रकाना भरत होते, आणि काका त्यांना सांगत होते, “ट्रॅफिक लिहू नका. आज शनिवार आहे.”